नळीतले ठिपके

नकला करणारा माणूस आठवणी लिहायला बसला म्हटल्यावर तुम्ही जरा सैल होऊन बसला असाल. आता शाळेचे हेडमास्तर येतील, एसटीचा कंडक्टर येईल, मजा येईल. येईल की. मी आजवर कोणाला न हसवता घरी पाठवलेलं नाही, आणि गोष्ट त्याचीच आहे. पोटात नळी घालणारा डॉक्टर येणार हे कळल्यावर काहींना वाटेल, म्हणजे आता डॉक्टरांना शिव्या. तेही नाही. डॉक्टर चांगला होता. हे मी पहिल्याच पानावर लिहून टाकतो, कारण तोंडाने सांगायला मला आठ वर्षं लागली.

आमचं गाव यावल तालुक्यात. चारी बाजूंनी केळी आणि वर सातपुडा. आमच्या बोलीत ळ चा य होतो. जळगावचं जयगाव, केळीचं केयी. मी जळगावला कॉलेजात गेलो तेव्हा पहिल्या वर्षी पोरं त्यावरून हसली. दुसऱ्या वर्षी मी त्यांचीच नक्कल केली आणि मग ती माझ्याबरोबर हसायला लागली. एवढं एक शहाणपण शिकलो मी कॉलेजात. आपल्यावर हसणाऱ्याला आधी आपण हसवावं, म्हणजे तो आपला होतो.

पण माझं पहिलं गिऱ्हाईक घरातलंच होतं. नाना. नाना म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. घर एकत्र, कारभार नानांचा. वडलांना आम्ही भाऊ म्हणायचो, आणि नानांच्या बायकोला अक्का. भाऊ कमी बोलायचे. अक्का जास्त. नाना संध्याकाळी ओट्यावर बाजेवर बसायचे आणि मला म्हणायचे, "चाल रे, कंडक्टर म्हन." मी भुसावळ-यावल गाडीचा कंडक्टर म्हणायचो. पुढे सरका, पुढे सरका, मागे काय तुमच्या सासऱ्याचं शेत आहे का. नाना हसायला लागले की आधी खांदे हलायचे, मग बाज करकरायची, मग खोकला, आणि खोकल्यातूनच हात वर करून म्हणायचे, "म्हन पुन्ना."

पुन्हा म्हणायचं. दुसऱ्यांदा जास्त हसायचे.

मी कॉलेजात असताना एका थंडीत नानांचं जेवण तुटलं. भाकरीचे चार घास खाल्ले की पोट भरलं म्हणायचे. जळजळ म्हणून खायचा सोडा झाला, थंड दूध झालं, ओवा झाला. धोतर कंबरेवर राहीना. गावच्या डॉक्टरने गोळ्या देऊन पाहिल्या आणि म्हटलं, जळगावला एक नवीन डॉक्टर आलेत, मुंबईला शिकलेले, ते तोंडातून नळी घालून पोट आतून बघतात. पोट फाडायची गरज नाही. त्यांना दाखवा.

नानांना नळीची भीती वाटली नाही. भर दुपारी आरशाने विहिरीत ऊन पाडून पाणी बघायचं, हे आम्ही सगळेच करतो. नाना म्हणाले, तसंच असन काही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

"पाहीन कोन?"

"डॉक्टर पाहीन," भाऊ म्हणाले.

"एकला?"

इथे एक रीत सांगायला पाहिजे. केळी कापायच्या दिवशी व्यापाऱ्याचा काटा बांधावर येतो. घड चढतात, उतरतात. काट्याजवळ आपल्या घरचा एक माणूस उभा असतो. तो बाकी काहीच करत नाही. दांडी सरळ झाली की मोठ्याने वजन पुकारतो. व्यापारी सख्खा मेहुणा असला तरी काट्यावर आपला माणूस लागतो. त्यात अविश्वास नसतो, कोणाला राग येत नाही. आणि आपल्या माणसाने एकदा वजन पुकारलं की ते घरात कोणी पुन्हा तपासत नाही. दहावीपासून आमच्या काट्यावर मी उभा राहायचो, कारण माझा आवाज चार शेतं ओलांडून जायचा.

तर नानांनी ठरवलं, डॉक्टरच्या काट्यावर पण आपला माणूस पाहिजे.

जीपभरून माणसं निघालो. नाना, अक्का, भाऊ, मी आणि चौघे भाऊबंद. नाना उपाशीपोटी, बाकीचे भरल्यापोटी. दवाखान्यात नानांनी डॉक्टरला सरळच सांगितलं. "तुमी पाहासान ते ठीकच आहे सायेब. पन आमचा मानूस बी पाहीन."

डॉक्टर तिशी-पस्तिशीचा, सडपातळ, नाकात बोलणारा. प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करून 'हंऽ' करायचा. मी दोन मिनिटांत त्याला उचलला होता, आतल्या आत. मला वाटलं आता हा चिडणार. तो हसला. म्हणाला, "हंऽ, बघू द्या की. माझ्याकडे जोडनळी आहे. विद्यार्थ्यांना शिकवताना लावतात. मी जे बघतो तेच त्याला बाजूने दिसेल. कोण बघणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

नानांना डाव्या कुशीवर झोपवलं. घशात औषध फवारलं, जीभ जड झाली. दातांत प्लास्टिकची कडी दिली. नळी काळी, करंगळीपेक्षा जाड, अंगावर सेंटीमीटरच्या खुणा. शेजारी एक पेटी घुंई घुंई करत होती, त्यातून उजेड नळीत जायचा. डॉक्टर म्हणत होता, "हंऽ, गिळा नाना, गिळा. छान. श्वास घ्या. धरून काय ठेवता, सोडा की." नानांच्या डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. मी त्यांचा हात धरायला पाहिजे होता. मी एक डोळा मिटून दुसरा जोडनळीला लावून उभा होतो.

गोल दिसलं. पौर्णिमेच्या चंद्राएवढं, पण लाल, ओलं, आणि हलणारं. सगळं बारीक जाळीतून बघितल्यासारखं. आणि त्या लाल चंद्रावर काळे ठिपके. मोहरी सांडल्यासारखे. मी डोळा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

डॉक्टरला ते कळलं असावं. हळू म्हणाला, "ठिपक्यांना घाबरू नको. ते पोटातले नाहीत, नळीतले आहेत. आत काचेचे धागे असतात, केसापेक्षा बारीक, हजारो. नळी वाकवून वाकवून त्यातले तुटतात. एक धागा तुटला की एक ठिपका. नळी हलव, ठिपके तिथेच राहतील. बघ." त्याने नळी फिरवली. पोट सरकलं, ठिपके जागच्या जागी. "कळलं? ते सोडून बघ."

मी ठिपके सोडून बघितलं.

"हंऽ. आता घड्याळात चार वाजतात तिकडे बघ."

तिथे एक जागा होती. मधे राखाडी, खोलगट. भोवती उचललेली कडा, वाकडीतिकडी. बाकी सगळं पोट लाल मखमल, आणि तेवढीच जागा मेलेली. मला डॉक्टरने सांगायच्या आधी कळलं. कसं कळलं तेही सांगतो. केळीच्या पानावर करपा पडतो तो असाच दिसतो. मधे राखाडी, कडेला गडद. पाचवीत होतो तेव्हापासून आमच्या बागेत करपा सगळ्यात आधी मला दिसायचा. मी ओरडायचो, नाना विळा घेऊन पळत यायचे आणि ते पान त्याच घटकेला कापून बांधावर जाळायचे. उद्यावर ठेवायचं नाही. करप्याचं पान उद्यावर ठेवलं तर बाग जाते.

डॉक्टरने नळीतून एक बारीक चिमटा घातला. त्या कडेचे पाच-सहा तुकडे काढले, तांदळाच्या कणीएवढे, आणि बाटलीत टाकले. नानांना आवाज जाणार नाही असं माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हे मला आवडलेलं नाही. तुकडे तपासायला पाठवतो, दहा-बारा दिवसांत रिपोर्ट येईल. नानांना आत्ता घाबरवू नको. पण वडलांना सांग, डॉक्टरांना संशय आहे, स्वतः येऊन भेटा. सांगशील ना नीट?"

"हो," मी म्हटलं.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी रक्ताची उलटी झालेला माणूस उचलून आणला आणि डॉक्टर हातातलं टाकून तिकडे धावला. म्हणून तो भाऊंशी स्वतः बोलला नाही. कारण एवढंच. त्याने काट्यावरच्या माणसावर भरवसा ठेवला.

मी नानांना धरून बाहेर आणलं. व्हरांड्यात सहाजण उभे. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे. खरं सांगतो, इतकी शांतता मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. गॅदरिंगला स्टेजवर गेलो तरी मागची पोरं शिट्या मारायची. इथे कोणी पापणी हलवत नव्हतं.

भाऊंनी विचारलं, "काय दिसलं?"

मी घसा साफ केला. हंऽ.

शपथेवर सांगतो, मी नक्कल करायची ठरवलं नव्हतं. घसा कोरडा पडला होता म्हणून खाकरलो. पण ते 'हंऽ' अगदी डॉक्टरचं आलं. एक भाऊबंद फिसकन हसला. आणि मग माझं तोंड माझं राहिलं नाही.

"हंऽ, घाबरू नका नाना. ठिपके आहेत. काळे आहेत. पण तुमच्या पोटात नाहीत, माझ्या नळीत आहेत. हंऽ, तुमचं पोट धडधाकट आहे, माझी नळीच आजारी आहे. आता हिलाच ॲडमिट करतो. तुम्ही जरा हिच्या उशाशी बसाल का?"

व्हरांडा फुटला. भाऊसुद्धा हसले, जे दिवाळीला पण हसायचे नाहीत. अक्काने पदर तोंडाला लावला. आणि नाना. त्यांची जीभ अजून बधिर होती, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती, पण खांदे हलायला लागले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी हात वर केला.

"म्हन पुन्ना."

मी पुन्हा म्हटलं.

नंतर भाऊंनी विचारलं होतं, हे मला आठवतं. "मंग बाकी?" आणि मी उत्तर दिलं होतं. "बाकी लाल आहे सगळं. हंऽ, तुकडा घेतलाय तपासायला, रिपोर्ट येईल, भेटा." तेसुद्धा डॉक्टरच्याच आवाजात. त्यालाही हशा पडला. म्हणजे मी खोटं बोललो नाही. एक शब्द खोटा नव्हता. फक्त संशय हा एक शब्द गाळला. त्या आवाजात तो बसत नव्हता, हशा मोडला असता.

मनाशी म्हटलं, घरी गेल्यावर भाऊंना बाजूला घेऊन सांगू. वाटेत नशिराबादला चहाला थांबलो, तर भाऊबंदांनी हॉटेलवाल्याला सांगितलं, याले म्हनाले लावा. तिथे म्हटलं. गावात शिरलो तर ओट्यावर माणसं जमलेली, तिथे म्हटलं. रात्रीपर्यंत ती नक्कल इतकी पक्की झाली की तिच्यात खरं घुसवायला फट राहिली नाही. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला जळगावला परत.

नानांचं म्हणणं गावात एका वाक्यात पसरलं. "नयीतच ठिपके आहेत. आपल्या मानसानं डोयानं पाह्यलं." वजन पुकारलं गेलं होतं.

पंधरा दिवसांनी मी सुट्टीत घरी आलो तेव्हा दवाखान्याचं पोस्टकार्ड आलेलं होतं. भाऊंनी ते ओट्याच्या खुंटीला लावून ठेवलं होतं, मी येईन म्हणून. वाचता त्यांनाही येत होतं. पण नाना म्हणाले, "त्याले वाचू दे. त्याच्या आवाजात वाचू दे."

कार्डावर दोन ओळी होत्या. रिपोर्ट आला आहे. कृपया पेशंटच्या भावाने त्वरित येऊन भेटावे.

मी बघितलं, भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. नाना तर आधीच हसायच्या तयारीत होते. गाल बसले होते त्यांचे, हसायला तयार चेहरा तेवढा उरला होता. मला आजही वाटतं, तेव्हा कार्ड खाली ठेवून उठून गेलो असतो तरी चाललं असतं. भाऊंना कळलं असतं. मी वाचलं. "हंऽ, त्वरित. त्वरित येऊन भेटावे. हंऽ, नळीची तब्येत चिंताजनक आहे."

"नवी नयी घ्याची असन त्याले," नाना म्हणाले. "त्याच्यासाठी बलावतो."

केळीची कापणी लागली होती. भाऊ म्हणाले, कापणी झाली की जाऊन येतो. कापणी झाली, मग लावणी आली. नानांना दवाखान्यातून दिलेल्या औषधांनी थोडं बरं वाटत होतं, तेवढ्यावर सगळ्यांनी निभावलं. मी जळगावातच राहत होतो. दवाखाना माझ्या खोलीपासून चालत पंधरा मिनिटं. मी त्या रस्त्याने जायचं बंद केलं.

उन्हाळ्यात नानांना उलट्या सुरू झाल्या, काळपट. पुन्हा जीप, पुन्हा तोच व्हरांडा. या वेळेस डॉक्टरने आत कोणाला घेतलं नाही. बाहेर येऊन भाऊंना म्हणाला, "पत्र पाठवलं होतं. मिळालं नाही का?"

"मियालं ना," भाऊ म्हणाले. "पन तुमच्या नयीतच ठिपके व्हते म्हने."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. 'हंऽ' पण केलं नाही. मग मिटलं. मी वीस वर्षांचा होतो. त्याला दया आली की कंटाळा, मला कळलं नाही, आणि विचारायची माझी लायकी नव्हती. भाऊंना तो एवढंच म्हणाला, "तेव्हा आला असतात तर ऑपरेशनचं बघता आलं असतं. आता पसरलंय."

भाऊंनी यातून काय घेतलं? डॉक्टरची नळी फुटकी होती म्हणून आधी दिसलं नाही. घरी येऊन तेच सांगितलं. अक्काने तेच ऐकलं. मी तिथेच बसलो होतो.

नाना श्रावणापर्यंत होते. शेवटी आवाज राहिला नव्हता. एकदा मी पायाशी बसलो होतो तर त्यांनी दोन बोटं उचलली. अक्का म्हणाली, "म्हन रे, म्हन म्हनता ते." मी म्हटलं. ठिपके तुमच्या पोटात नाहीत, माझ्या नळीत आहेत. खांदे हलवायची ताकद नव्हती, नुसते डोळे हलले.

ते गेल्यावर आमच्या गावातून त्या दवाखान्यात कोणी जाईना. आजूबाजूच्या गावांतूनही कमी झालं. पोट दुखलं की लोक म्हणायचे, त्या फुटक्या नळीवाल्याकडे नको. कोणाकोणाला तर मीच ते म्हणून दाखवलेलं होतं. दोन-तीन वर्षांनी त्याने दवाखाना दुसऱ्या गावी हलवला. आमच्यामुळे की आणखी कशामुळे, मला माहीत नाही. चांगला माणूस गावात राहू नये म्हणून शिव्या लागत नाहीत. एक चांगली नक्कल पुरते.

मला पुढे धुळ्याला एका शाळेत क्लार्कची नोकरी लागली. नकला चालूच. शाळेत स्नेहसंमेलन माझ्याशिवाय होत नाही. फक्त डॉक्टर करत नाही. लोक आग्रह करतात, एखादा डॉक्टर म्हणून दाखव ना. म्हणतो, जमत नाही.

आठ वर्षांनी भाऊंच्या पोटात दुखायला लागलं. मी धुळ्याला घेऊन आलो. इथे एका डॉक्टरकडे नवीन यंत्र आलं होतं. नळीच्या टोकालाच एवढासा कॅमेरा, आणि पोट थेट टीव्हीवर. भाऊंबरोबर अक्का आली. मी म्हटलं, तुम्ही कशाला एवढ्या लांब. तर म्हणाली, "या बारीले काट्यावर मी उभी राह्यते."

साधंच म्हणाली होती. मी पुढे होऊन तिची पिशवी घेतली.

बाहेर बाकावर साक्रीकडचा एक म्हातारा शेजारी होता. तो अक्काला अहिराणीत म्हणाला, "बठ्ठं टीव्हीवर दिसस म्हने, अक्का. मना पोटमा काय शे ते आते मनी बायको बी दखी." त्याची बायको म्हणाली, "वीस साल पहिलेच दखेल शे मी." सगळे हसले. मी पण.

आत भाऊ कुशीवर झोपलेले. डॉक्टर जाडसर, गप्पिष्ट. त्याला बघायला वाकावं लागत नव्हतं, डोळा मिटावा लागत नव्हता. तो उभा, आम्ही उभे, सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. पडदाभर गुलाबी पोट. जाळी नाही, धूसर नाही. घड्या दिसत होत्या, त्यांच्यावरची बारीक शीर दिसत होती, पाण्याचा थेंब चमकताना दिसत होता. एका जागी जरा लाली होती. डॉक्टर म्हणाला, सूज आहे, ॲसिडची. बाकी स्वच्छ. महिनाभर गोळ्या.

मला एकदम सुटल्यासारखं झालं. भाऊंसाठी, आणि आणखी कशासाठी.

अक्का मात्र पडद्याजवळ सरकली होती. तिने चष्मा पदराने पुसला, पुन्हा लावला.

"ठिपके कोठी आहे?" तिने विचारलं.

"कसले ठिपके?"

"काये ठिपके. नयीतले."

डॉक्टर हसला. "ते जुन्या नळीत असायचे, आजी. काचेचे धागे तुटायचे त्यांचे. माझ्याकडे पण होती तशी, कालपरवापर्यंत. पण त्याने काही अडत नव्हतं. नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगतात, ठिपके सोडून बघ."

"सोडून काय पाह्याचं?"

"जे असेल ते. जखम असेल, गाठ असेल. ती ठिपक्यांनी थोडीच लपते? ठिपका मोहरीएवढा, जखम रुपयाएवढी."

 अक्का पडद्याकडे बघत राहिली. नळी बाहेर यायला लागली, पोट गेलं, अन्ननलिका गेली, जीभ दिसली, खोलीतला बल्ब दिसला. मग पडदा निळा झाला.

भाऊंना बाहेर बाकावर बसवलं. घसा बधिर, डोळे मिटलेले. साक्रीकडचा म्हातारा आत गेला, त्याची बायको दाराशी. अक्काने मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. आवाज चढवला नाही. आयुष्यभर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोललेली बाई, त्या दिवशी मला वाकून ऐकावं लागलं.

"तुले बी तो जयगावचा डाक्टर तसंच म्हनला व्हता ना? ठिपके सोडून पाह्य?"

"हो."

"मंग काय दिसलं?"

हंऽ यायला लागलं होतं घशात. गिळलं.

"करपा," मी म्हटलं.

तिने मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, मी एखाद्या दिवशी त्याची पण नक्कल केली असती.

"पाचवीत व्हता तईपासून करपा आधी तुले दिसे," ती म्हणाली. "मले नाई दिसे. त्याइले नाई दिसे. तू वरडत येये अन् ते विया घेऊन पयत. एका पानासाठी वरडे तू. त्या दिवशी काहून नाई वरडला?"

"अक्का, नाना हसले..."

"हासले. मले ठाऊक आहे हासले, मी तठीच व्हती. मी बी हासली. मले तू हासोलं. माह्या नवऱ्याच्या पोटात मरन व्हतं अन् मी तोंडाले पदर लावून हासत व्हती. ते कार्ड आलं तई बी हासली. माह्याकून ते करून घेतलं तू." तिने पदर ओढून घेतला. "आठ वर्सं मी त्या डाक्टराले शिव्या देल्या. रोज दिवा लावता लावता देल्या. त्याच्या लेकरायले देल्या. आता त्या शिव्या मी परत कश्या घेऊ, सांग. तुले देऊ? तू तं त्याचीबी नक्कल करशीन."

मी खाली बघत होतो.

"वर पाह्य. तो कोठी गेला त्याचा पत्ता काढ. काढ म्हनते ना. कार्ड लिही त्याले. त्यानं लिहिलं व्हतं आपल्याले." मग भाऊंकडे बघून म्हणाली, "अन् त्याइले धर आधी, बाकावरून पडतीन ते. उभा काय राह्यला?"